शिसवी टेबल आणि पोळ्याचा रंग

दुष्काळात माहेरच्या विहिरीवरचं शिसवीचं झाड उभ्या उभ्या वाळलं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ते कापून फळ्या श्रीगोंद्याकडून बेलापूरला माझ्या सासरी धाडल्या आणि निरोप दिला, “पोरीला वह्या तपासायला टेबल करा.” मी शाळेत शिकवायचे आणि वह्या मात्र चुलीशेजारी मांडी घालून तपासायचे, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

सुतारानं रंधा मारला आणि मी बघतच राहिले. काळपट तपकिरी लाकडात नुसत्या लाटाच लाटा. सुतार म्हणाला, “आता चॉकलेटी आइलपेंट मारू. कीड न्हाई, कटकट न्हाई.” त्या काळी आमच्याकडे चांगलं लाकूड दिसलं की लोकांना ते झाकायची कोण घाई! आमच्या ह्यांना बँकेतल्या टेबलासारखं चकचकीत लाखेचं पॉलिश हवं होतं. मी पडले हट्टी. उरलेल्या एका तुकड्यावर पॉलिश दिलं, दुसऱ्याला जवसाचं तेल चोळलं. वाळल्यावर दोन्हींवर गरम चहाचे पेले ठेवले. पॉलिशवर पांढरं कडं उमटलं, तेलाच्या तुकड्याला काही झालं नाही. हेच तेल आमच्याकडे औताला, बैलगाडीला पाजतात. ते लाकडात मुरून वाळतं आणि रेघ न् रेघ उठून दिसते. मग काय, मी पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचे, पुन्हा हात. शेवटी वरून मेण घासलं. “बाळंतिणीला तरी एवढं चोळतात का?” हे म्हणाले. मी लक्षच दिलं नाही.

पोळ्याला दादा येणार होते, टेबल पहिल्यांदाच बघणार होते. सकाळपासून मी पुरणात अडकलेली. जरा हात धुऊन पडवीत आले, तर सासरे ब्रश घेऊन उभे. बैलांची शिंगं रंगवून झाली होती आणि माझं टेबल लालभडक! वर पिवळे ठिपके.

“मामंजी, हे काय केलंत!”

“जे राबतं त्याला पोळ्याला रंग लागतो, सूनबाई. टेबल बी राबतंयच की. आन् तुझा बाप येतोय, त्याचं टेबल उघडंबोडकं दिसाया नगं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी केलं होतं मायेनं, म्हणून तोंड उघडता येईना, आणि तोंड उघडता येईना म्हणून राग आणखीच चढला. दादांना आता काय दाखवू? फडकं घेतलं आणि जीव खाऊन घासलं. रंग सरकला! मेणावर तो बसलाच नव्हता. खालून लाटा जशाच्या तशा वर आल्या. मी हसत सुटले. मामंजी ओशाळून रॉकेलचा बोळा घेऊन आले आणि उरलेले ठिपके स्वतः पुसत बसले. मी पुन्हा मेण घासलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुपारी दादा आले. टेबलाशी उभे राहिले. तळवा फिरवत फिरवत एका कोपऱ्यात थांबले. तिथे लाटा गोळा होऊन भोवरा झाला होता.

“हितं बैल बांधायचो,” ते म्हणाले. “दाव्यानं काचून काचून खोडाला वळ पडला हुता. त्यावर लाकूड भरलं, ते आसं.”

चारा नव्हता म्हणून दुष्काळात दादांनी दोन्ही बैल घोडेगावच्या बाजारात विकले होते. या वर्षी त्यांची दावण रिकामी होती, म्हणून तर ते पोळ्याला लेकीच्या घरी आले होते. हे मला तेव्हा उमगलं. दादा त्या भोवऱ्यावरून, बैलाच्या गळ्याच्या लोंबत्या पोळीखालून फिरवावा तसा, हात फिरवत राहिले.

मामंजी आत गेले. बैलांच्या नैवेद्यातली एक पुरणपोळी घेऊन आले आणि त्यांनी ती त्या कोपऱ्यावर ठेवली. पोळीवर तूप होतं. पडू दे डाग, मी मनाशी म्हटलं.