लॅपटॉपला पाय कुणाचा लागला

वहीपुस्तकाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे मी माझ्या मुलाला शिकवलं आणि पुढं त्याच्या मुलीलाही. घरात लॅपटॉप आला तेव्हा तो कशात धरायचा हा प्रश्न मला पडलाच नाही. ज्याच्यावर घर चालतं ती सरस्वतीच की. त्यामुळं त्या मंगळवारी मी दुकानातून कोथिंबीर घेऊन आले आणि नातीनं बाबाच्या लॅपटॉपवर पाय दिला, स्क्रीन फुटली असं कळलं, तेव्हा आधी तेच म्हटलं. "जा बाळा, पाया पड त्याच्या. सॉरी म्हण."

ती म्हणाली, "मी नाही पाय दिला."

नात दहा वर्षांची, जन्मापासून इथलीच, आयर्लंडची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, आणि तेही आमच्या ॲडम्सटाउन भागातल्या मुलांच्या हेलात. मी तिचं बोलणं मराठीत लिहितेय, हेल तुम्ही मनातल्या मनात लावून घ्या.

"अगं, चुकून लागतो. त्यात काय एवढं. पाया पडलं की झालं."

"पण आजी, मी नाही दिला."

मुलगा सोफ्यावर बसला होता. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "लॅपटॉप खाली कार्पेटवर होता. तू शाळेतून आलीस, बॅग टाकलीस, पळत गेलीस. तुला कळलं नसेल."

आता बाप सांगतोय म्हटल्यावर पुढं काय बोलणार. पोर शेवटी वाकली, लॅपटॉपला हात लावला, सॉरी म्हणाली. चेहरा असा की बँकेत अंगठा उठवायला आणलंय कुणीतरी. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नाही. सून विमानतळावर काउंटरला असते, दोन बस बदलून येते, आली की पाय सुजलेले असतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाय लागला त्याचं काही नाही. खोटं का बोलतेस? शनिवारची मॅच बंद." इथं मुलींचा एक खेळ आहे, कमोगी म्हणतात. लाकडी काठीनं चेंडू मारत धावायचं, हॉकीच्या जवळपासचं. नात त्याच्यासाठी जीव टाकते. शनिवारी त्यांची मोठी मॅच होती. सुनेनं तिथल्या तिथं टीमच्या ग्रुपवर लिहून टाकलं की लेक येणार नाही, घरात लॅपटॉप फोडलाय आणि वर कबूलही करत नाही.

पोर रडली नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. आमची पोर पेन्सिल हरवली तरी रडते.

आता त्या लॅपटॉपचं एवढं काय होतं ते सांगते. मुलाची नोकरी वसंत ऋतूत गेली. कंपनीनं बऱ्याच जणांना एकदम कमी केलं, त्यात हा. कंपनीचा लॅपटॉप परत द्यावा लागला आणि हा जुना तेवढा घरात राहिला. त्याच्यावरच अर्ज, त्याच्यावरच मुलाखती. मुलाखतीही आता घरातूनच होतात, वर शर्ट घालायचा आणि खाली घरची पँट. महिनोनमहिने हेच चाललं होतं. सुरुवातीला प्रत्येक मुलाखतीनंतर मी विचारायची, कशी झाली रे. मग सुनेनं खुणेनं सांगितलं, आई, नका विचारू. मग मी सोडलं. पण न विचारणं त्याला आणखी ऐकू येत असावं.

आणि पुढच्या सोमवारी मोठी मुलाखत होती. दुकानात नेला तर ते म्हणाले ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. सुनेकडं स्वतःचा लॅपटॉप नाही, कामाचा कॉम्प्युटर तिथं काउंटरलाच. टीव्हीला वायर लावून चित्र दिसत होतं, पण कॅमेरा लॅपटॉपवर आणि बघायचं टीव्हीकडं, म्हणजे समोरच्याला वाटणार हा माणूस खिडकीबाहेर बघून बोलतोय. म्हणून त्यानं नवी स्क्रीन ऑनलाइन मागवली आणि म्हणाला, घरीच बदलतो. व्हिडिओ आहेत.

शनिवारी सून कामावर गेली. नात वर तिच्या खोलीत होती. मी दूध घेऊन गेले तर मॅचची जर्सी घालून पलंगावर बसलेली, पायात मोजेसुद्धा. मी म्हटलं, अगं, जर्सी कशाला. ती म्हणाली, "आत्ता सुरू झाली असेल." मी ग्लास ठेवला आणि खाली आले.

खाली मुलानं जेवायच्या टेबलावर टॉवेल पसरला होता. मला म्हणाला, "आई, तू टॉर्च धर. इथं उजेड नाही." आयर्लंडमध्ये दुपारीही दिवा लावावा लागतो हे मला आता नवं नाही. मी चष्मा पुसून टॉर्च घेऊन उभी राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्यानं मला काही काम सांगितलं नव्हतं.

स्क्रीनच्या चौकटीवर काळ्या रबरी टिकल्या होत्या, टिकल्याच म्हणायच्या, पाकिटातल्या असतात तेवढ्याच. त्या सुईनं काढल्या तर खाली स्क्रू. स्क्रू निघाले, ते मी वाटीत घेतले. मग बसचं जुनं कार्ड फटीत घालून तो चौकट उचकटायला लागला. कट कट असा आवाज. प्रत्येक कटला तो थांबायचा.

"मोडतंय का रे?"

"नाही, क्लिपा आहेत. असंच वाजतं म्हणतायत."

"म्हणणारा समोर नाही, मोडलं तर."

तो जरा हसला. उजव्या हाताची बोटं त्याला अजून नीट मिटत नव्हती. गाडीच्या दारात हात सापडला असं त्यानं आठवड्याच्या मध्ये सांगितलं होतं आणि मी दोन वेळा आंबेहळद उगाळून लेप लावला होता. सांध्यांवर पिवळं अजून होतं.

चौकट निघाली. बाजूचे बारके स्क्रू निघाले. मग त्यानं फुटलेली स्क्रीन हळूच पुढं कलती केली, पाठीमागची चपटी वायर सोडवली आणि अख्खी काच उचलून टॉवेलवर उताणी ठेवली. पहिल्यांदाच ती मला जवळून दिसली. तडे सगळे एका जागेवरून निघालेले, मधल्या भागाच्या जरा वर, तिथं काचेचा अगदी चुरा आणि मग चारी बाजूंना रेषा. त्यानं टॉवेलची सुरकुती काढायला हात टाकला आणि त्याची मूठ बरोबर त्या चुऱ्यावर आली. पिवळे सांधे, आणि खाली तो खळगा.

मी टॉर्च झाकणाकडं नेली. बाहेरून झाकण धड होतं. एक ओरखडा नाही, कुठं चेपलेलं नाही.

"हे कुठनं लागलं रे?"

"काय?"

"मार. बाहेरून काही नाही. आतल्या बाजूनं बसलाय."

"आई, टॉर्च इकडं धर."

"उघडा लॅपटॉप उभा असतो. उभ्यावर पाय कसा पडेल?"

तो नव्या स्क्रीनची पिशवी फाडत होता. फाडता फाडता थांबला. 

"मंगळवारी मेल आली," तो म्हणाला. "आधी मुलाखती दिल्या होत्या त्या कंपनीची. तीन फेऱ्या घेऊन नको म्हणाले. दोन ओळी. मी मारली मूठ."

"आणि पोरगी?"

"ती तेव्हाच आत आली. काय झालं म्हणून विचारलं तिनं. मी म्हणालो, तुझा पाय लागला बहुतेक. तोंडातून गेलं आई. मग तू आलीस, तू तिला पाया पडायला लावलंस, मग ही आली, तिनं ग्रुपवर लिहिलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगू. आणि प्रत्येक वेळी ते आणखी मोठं होत गेलं."

मला आधी त्याचा हात दिसत होता. एवढा सुजला तरी मला कळलं नाही, आणि मी लेप लावत बसले. मग मला वर जर्सी घालून बसलेली पोर दिसायला लागली.

"जा, सांग तिला."

"सोमवार होऊ दे."

"सोमवारचा काय संबंध?"

"आई, ह्या घरात तेवढं एकच माणूस आहे जे माझ्याकडं अजून पहिल्यासारखं बघतं. तू बघत नाहीस. ही बघत नाही. ती माझ्या शेजारी बसून कार्टून बघते, बस. तेवढं सोमवारपर्यंत राहू दे. मग सांगतो, शपथ."

त्याचं खोटं होतं असं नाही. मी त्याच्याकडं कशी बघते हे मला ठाऊक आहे. पण मी टॉर्च बंद केली.

"लाव ना."

"वरचीला आधी सांगून ये, मग लावते."

"आई, माझी मुलाखत आहे."

"माहीत आहे मला. तिची मॅच होती."

त्यानं फोनचा दिवा लावून फोन वाटीला टेकवून ठेवला आणि एकटाच करायला लागला. मी खुर्ची ओढून बसले. उठून जाववेना आणि मदतही करवेना. ती चपटी वायर बसवायची जागा बारीक, आणि त्याची बोटं नीट मिटत नव्हती. बसवली, बटण दाबलं, तर अर्धी स्क्रीन काळी आणि अर्ध्यात हिरव्या गुलाबी उभ्या रेषा. काढली, परत बसवली. परत रेषा. तो कपाळ मनगटानं पुसत होता. मला भीती वाटली की हा आता परत मूठ मारतोय.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नात खाली आली, प्रेस उघडलं, इथं स्वयंपाकघरातल्या कपाटाला सगळे प्रेसच म्हणतात, आणि वाडग्यात सीरियल ओतायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "झालं का नीट?"

मी मुलाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. तिच्याशी तो एरवी इंग्रजीत बोलतो. त्या दिवशी मराठीत म्हणाला, "स्क्रीन मी फोडली. तू नाही."

ती वळली. हातात दुधाचा कॅन.

"कशी?"

"हातानं."

"का?"

"नोकरी नाही देत म्हणाले. राग आला."

"मग माझं नाव का सांगितलंस?"

मला वाटलं आता काहीतरी समजुतीचं सांगेल. पण तो म्हणाला, "तू समोर आलीस म्हणून."

तिनं दूध ओतलं, कॅन फ्रिजमध्ये ठेवला. दार लावलं. सगळं सावकाश. "टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे मी फोडला आणि मी खोटारडी आहे."

"मी सांगतो सगळ्यांना."

"कोचला फोन कर. आता."

"मॅच चालू असेल."

"संपली असेल," ती म्हणाली. तिला बरोबर माहीत होतं.

तो फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला. त्याचा आवाज येत होता, तोच नम्र, सांभाळून बोलायचा आवाज, मुलाखतीत असतो तो. नाही, तिनं नाही, मी. हो, मीच. मग बराच वेळ नुसतं हो, हो.

नात माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, तू मला एका मशीनला सॉरी म्हणायला लावलंस."

"लावलं. चुकलं माझं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

"ग्रँड," ती म्हणाली. इथं सगळ्याला ग्रँड म्हणतात. ठीक आहे म्हणायचं असलं तरी ग्रँड, आणि आता बोलू नकोस म्हणायचं असलं तरी ग्रँडच. मला त्यातला फरक आता कळतो. वाडगा घेऊन ती वर गेली.

मुलगा परत आला, बसला. मी टॉर्च लावली. ह्या वेळी त्यानं वायरीचं टोक आधी नीट बघितलं, एका बाजूला तिरकं होत होतं, ते सरळ केलं, चिकटपट्टी दाबली. बटण दाबलं. स्क्रीन उजळली, सगळीकडं सारखी. त्यानं ती खालीवर करून पाहिली आणि चौकट दाबत सुटला. मी वाटीतला एकेक स्क्रू त्याच्या तळहातावर देत होते. दोघांपैकी कुणी चांगलं झालं असं म्हटलं नाही.

सुनेला त्यानं दारातच सांगितलं, तिचा कोट अंगावर असताना. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, बूट हातात घेऊन.  मग तशीच वर गेली आणि लेकीच्या खोलीचं दार लागलं. जेवायला आम्ही तिघंच होतो, नात खाली आली नाही. मी भात वाढला, तो थंड झाला.

सोमवारची मुलाखत झाली. ती नोकरी मिळाली नाही. पुढं दुसरी मिळाली, आता तो रोज ऑफिसला जातो, लॅपटॉप त्यांचाच आहे. नात परत खेळायला जाते. टीममध्ये कुणी काही चिडवत नाही असं ती सांगते, मी आणखी विचारत नाही. बाबाशी बोलते, त्याच्याशेजारी बसतेही. बाहेरच्या माणसाला काही दिसणार नाही.

फक्त एक आहे. घरात आता काही पडलं, वाजलं, फुटलं की ती जिथं असेल तिथून ओरडते, "मी नाही." कुणी विचारायच्या आधी. परवा माझ्याच हातून लोणच्याची बरणी सटकली. मी तेलात उभी, तुकडे कसे उचलू बघतेय, आणि वरून आवाज आला, "मी नाही."

मुलगा टीव्ही बघत होता. तो उठला, जिन्यापर्यंत गेला, कठड्याला हात लावून वर बघत म्हणाला, "माहितेय मला."

दर वेळी जातो. वरून उत्तर येत नाही. तरी तो थोडा वेळ तिथं उभा राहतो.