भोये मॅडमचा पहिला रकाना

स्टाफरूममध्ये कुणी काही छातीठोकपणे बोललं, की भोये मॅडम तपासत असलेल्या वहीतून डोकं वर न काढता विचारायच्या, "कुठून कळलं?" आवाज चढलेला नसे. मेथीची जुडी कितीला, असं विचारावं तितक्या साधेपणाने विचारायच्या. पण बोलणाऱ्याचा घास हातातच राहायचा.

पहिल्यांदा हे झालं ते विज्ञानाच्या बाईंच्या बाबतीत. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्या म्हणाल्या, "पेठ-सुरगाण्याकडची मुलं कितीही शिकवा, गणितात मागेच राहतात."

"कुठून कळलं?"

"अहो, पंधरा वर्षांचा अनुभव आहे माझा."

"पंधरा वर्षांत किती मुलं होती तिकडची?"

"असतील तीन-चार."

"तीन का चार?"

"तीन."

"नावं?"

विज्ञानाच्या बाईंना एकच नाव आठवलं. भोये मॅडमनी वहीचं पान उलटलं. "एका पोराचा अख्खा तालुका केलात, बाई," त्या म्हणाल्या आणि लाल पेनाने पुढचं उत्तर तपासायला लागल्या.

यमुना भोये पेठच्या पुढच्या एका पाड्यावरच्या, कोकणा या आदिवासी समाजातल्या. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला आल्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. मी पर्यवेक्षक. आमच्याकडे नवीन शिक्षकाने तीन वर्षं प्रोबेशनवर काढायची असतात. मग पर्यवेक्षक अहवाल देतो, आणि त्या अहवालावर संस्था त्याला कायम करते किंवा घरी पाठवते. म्हणजे या बाईंची भाकरी माझ्या लेखणीत होती, आणि हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी मात्र मला त्याबद्दल एकदाही जास्तीचा नमस्कार केला नाही. मला ते खुपायचं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं त्याला मी नंतर बरीच भारी भारी नावं दिली.

शनिवारचा शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा. तो कुणालाच नको असायचा, म्हणून मी तो भोये मॅडमच्या गळ्यात घातला. बाकीचे त्या तासाला सुविचार लिहून घेत. यांनी नववी ब च्या मुलांना वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. पाहिलं. ऐकलं. वाटलं. आठवडाभरात कुठल्याही माणसांविषयी 'हे लोक असेच असतात' असं मनात आलं, की ते लिहायचं आणि कुठल्या रकान्यात बसतं ते ठरवायचं.

एका शनिवारी पाहणीसाठी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. एक मुलगा उभा राहिला. "रिक्षावाले लुबाडतात. पाहिलं."

"कधी पाहिलंस?"

"म्हणजे… पप्पा म्हणतात."

"मग दुसरा रकाना. पुढचा."

"मॅडम, होस्टेलची मुलं घाणेरडी असतात. मी खरंच पाहिलंय. मोबाइलवर व्हिडिओ होता."

"व्हिडिओ कुणी काढला?"

"माहीत नाही."

"तू कुठे उभा होतास?"

"घरी होतो."

"घरी उभा राहून पाहिलंस? मोबाइल म्हणजे दुसऱ्याने दाखवलेलं. ते ऐकलंमध्ये टाक. आणि बस, पाय दुखतील."

मुलं हसली. तासाच्या शेवटी फळ्यावर ऐकलं आणि वाटलं हे रकाने तुडुंब भरले होते आणि पहिल्या रकान्यात दोन ओळी होत्या. मॅडमनी मुलांना उपदेश केला नाही. फळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "एवढ्याशा भांडवलावर तुम्ही एवढ्या माणसांना नावं ठेवता. लाज वाटत असेल तर तिसऱ्या रकान्यात लिहा."

मागच्या बाकावर मीही एक पान आखलं होतं. आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबाग असलेले. दर हंगामाला डोंगराकडून मजूर यायचे, बागेच्या कडेला प्लास्टिकच्या खोपी बांधून राहायचे. वडिलांनी मला काम दिलं होतं: संध्याकाळी घडातले मणी विरळ करायच्या कात्र्या मोजून घ्यायच्या, कारण 'ही माणसं हात मारतात'. सातवी ते बारावी मी त्या कात्र्या मोजल्या. एकदाही एक कमी भरली नाही, आणि एकदाही मी मोजायचं थांबलो नाही. 'हात मारतात' हे कुठल्या रकान्यात घालायचं ते मला त्या दिवशी चांगलं कळलं होतं. मी पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि मॅडमच्या पाहणी नोंदीत शेरा लिहिला: 'पाठ्यक्रमाबाहेरील विषय.'

त्या गोड नव्हत्या. मुलांशीही नाही. पण मुलं त्यांच्याभोवती असत, आणि आमच्याभोवती नसत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, जरा सौम्यपणे घ्या. आपल्याकडची माणसं वाईट नाहीत."

"वाईट माणसांचं सोपं असतं, सर," त्या म्हणाल्या. "आपण काय बोललो ते त्यांना माहीत असतं. चांगल्या माणसांना समजावता समजावता सुट्टी होते."

त्यांच्या तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात नववीने 'आदिवासी नृत्य' बसवलं. दर वर्षी कुठला तरी वर्ग ते बसवतोच. अंगाला काळा रंग, कमरेला हिरव्या कागदाची पानं, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि मधूनमधून 'हू हू' अशी आरोळी. रंगीत तालमीला मी भोये मॅडमना बोलावलं. वर मोठेपणाने म्हणालो, "तुमच्याकडचंच आहे. बरोबर आहे ना, एकदा बघून घ्या."

त्यांनी पूर्ण नाच हाताची घडी घालून पाहिला. मग पुढच्या मुलाला विचारलं, "भाला कुणाला मारायचाय?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

"आणि 'हू हू' म्हणजे काय?"

"सरांनी सांगितलं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "माझे वडील पोस्टात होते, सर. पिसं मी पहिल्यांदा इथे बघतेय." आणि तासाला निघून गेल्या. नाच झाला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभराने त्यांनी क्षेत्रभेटीचा अर्ज दिला. नववी ब ला पेठच्या पुढे, त्यांचा भाऊ शिकवायचा त्या शाळेत न्यायचं होतं. मी सही केली आणि सोबत गेलो. अंगणात आमच्या मुलांना रांगेने बसवलं आणि तिकडच्या आठवी-नववीच्या मुलांनी कार्यक्रम सुरू केला. मॅडमच्या भावाने जाहीर केलं, "आता सादर आहे शहरी नृत्य."

तोंडाला तांदळाचं पीठ फासलेली दहा-बारा पोरं ओळीने आली. डोळ्यांवर काळ्या कागदाचे गॉगल, हातात पुठ्ठ्याचे मोबाइल. आल्या आल्या सगळ्यांनी नाकं दाबली. मग ढोलकीवर गोल फिरत एकमेकांचे फोटो काढले. एकीने वेफर्सचं पाकीट हवेत उडवून दिलं. एक जण तिथे बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांकडे गेला आणि ओरडला, "ए भैया, कितने का दिया?" मधूनमधून सगळे एका सुरात 'वॉव! वॉव!' म्हणत होते, आमच्या 'हू हू'च्याच ठेक्यावर. शेवटी पोटाला उशी बांधलेला एक पोरगा आला, दर दोन पावलांवर घड्याळ बघत. तो 'सर' होता. जमलेली बायामाणसं डोळे पुसत हसत होती.

आमची मुलं दगडासारखी बसली होती. ईश्वरी नावाची एक मुलगी ताडकन उठली. स्नेहसंमेलनात हीच सगळ्यात पुढे नाचली होती. "आम्ही असे नाही आहोत!"

"मग त्यांना कुठून कळलं?" मॅडम म्हणाल्या. "मला काय सांगतेस, तिला विचार."

ईश्वरीने पाकीट उडवणाऱ्या मुलीला विचारलं. ती मुलगी पिठाच्या तोंडानेच म्हणाली, "पावसात धबधब्यावर येतात ना गाड्या घेऊन, ते बघितलं. पाकिटं मीच उचलते नंतर. तुम्ही नाय का टाकत?"

ईश्वरी खाली बसली.

"त्यांचा पहिला रकाना तुमच्यापेक्षा भरलेला आहे," मॅडम आमच्या मुलांना म्हणाल्या. मग लगेच तिकडच्या पोरांकडे वळल्या. "आणि तुम्ही रे, जास्त हसू नका. धबधब्यावर वीस जण बघितले नि सगळं नाशिक तसंच? कुठून कळलं?" त्या पोरांनीही माना खाली घातल्या.

नंतर सगळी मुलं एकत्र जेवायला बसली. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. ईश्वरी त्या मुलीच्या शेजारी बसली. "तुमचा खरा नाच दाखव ना," म्हणाली.

"आता कसा? आता दिवस नाय नाचायचे," ती मुलगी म्हणाली.

हे सगळं मी पाहिलं. दोन हातांवरून पाहिलं. आमच्या मुलांचे चेहरे कधी लाल झाले आणि कधी निवळले तेही पाहिलं. परतताना बसमध्ये एकही मूल रडलं नाही, उलट घाट उतरेपर्यंत त्यांचा वाद चालला होता की आपण पाकिटं टाकतो की नाही. इतकी वर्षं शिकवून मी एका वर्गाला एवढा विचार करायला लावला नव्हता. आणि मला तेव्हा काय आठवत होतं? पोटाला बांधलेली उशी.

दोन दिवसांत त्या नाचाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर फिरला. 'आमच्या मुलांची टिंगल करायला नेलं होतं का?' असं सुरू झालं. अध्यक्षांनी मला बोलावलं. "सर, तुम्ही होतात ना तिथे? मग तुम्हीच काय ते लिहून द्या." त्याच बैठकीत, चहा येईपर्यंत, पुढच्या मुख्याध्यापकासाठी माझ्या नावाचा विचार चालू असल्याचं त्यांनी सहज सांगितलं. दोन गोष्टींचा संबंध त्यांनी जोडला नाही. मी जोडला.

अहवाल मी रविवारी घरी बसून लिहिला. छान अक्षरात. 'श्रीमती भोये यांच्या मनात शहरी विद्यार्थ्यांविषयी आकस आहे. विद्यार्थ्यांमध्ये न्यूनगंड निर्माण झाला आहे. पालकवर्गात तीव्र असंतोष आहे. त्यांच्या पार्श्वभूमीमुळे त्या संस्थेच्या वातावरणात रुळू शकलेल्या नाहीत.' त्यातल्या 'पार्श्वभूमी' या शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो. खोडला नाही. सभ्य शब्द होता.

त्यांना कायम केलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी कार्यालयातून अहवालाची प्रत मागून घेतली आणि स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून लाल पेनाने तपासली. नववीच्या वहीसारखी, वाक्यागणिक. आकस: वाटलं. न्यूनगंड: वाटलं. असंतोष: ऐकलं. पार्श्वभूमीपाशी त्या क्षणभर थांबल्या आणि समासात काहीच लिहिलं नाही. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"माझ्याशिवाय तिथे सगळं पाहणारे शाळेतले तुम्ही एकटेच मोठे माणूस होतात, सर. इथल्या कुणाचा नाही एवढा तुमचा पहिला रकाना भरलेला होता. तोच कोरा सोडलात."

"मॅडम, माझ्यावर दबाव होता."

"नववीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी पुन्हा लिहायला लावलं असतं," त्या म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या. स्टाफरूममधल्या कुणी मान वर केली नाही. वह्या तपासायचं एवढं वेड आमच्यात अचानक कुठून आलं होतं कोण जाणे.

पुढच्या स्नेहसंमेलनात पुन्हा आदिवासी नृत्य झालं. या वेळी आम्ही काळा रंग वगळला होता, आणि त्याचं आम्हाला कौतुकही होतं. नाच सुरू होऊन पहिली 'हू हू' झाली आणि मागच्या रांगांतून, दहावीच्या मुलांमधून, एक स्पष्ट आवाज आला, "कुठून कळलं?" मग दुसरा. मग पाच-सहा. ईश्वरीचा आवाज मी ओळखला. मी उठलो, त्या रांगेपाशी गेलो आणि ओठांवर बोट ठेवलं. मुलं गप्प झाली. शाळेत शिस्त माझ्याकडे आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पेठला गेलो. भोये मॅडम आता तिकडच्याच एका आश्रमशाळेत शिकवतात. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, प्रवास कसा झाला विचारलं. मी तयारी करून गेलो होतो. कात्र्यांचीही गोष्ट सांगितली. म्हणालो, "मला फार अपराधी वाटतं, मॅडम. रात्रंदिवस वाटतं."

"वाटतं," त्या म्हणाल्या. "तिसरा रकाना."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? आधीचं लिहिताना मला विचारलं होतं?" त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "कुणाला लिहून दिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे काय पाहिलं तेही माहीत आहे. पुन्हा लिहा. दिवाळीचा गृहपाठ समजा." आणि आत जाता जाता, "जपून जा, घाटात काम चालू आहे."

तो दुसरा अहवाल मी लिहिला आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य पहिल्या रकान्यातलं आहे. तो टेबलाच्या खणात, त्यांच्या लाल शेऱ्यांच्या प्रतीवर ठेवलेला आहे. मुख्याध्यापकपदाचा निर्णय जूनमध्ये होणार आहे, आणि अध्यक्षांच्या खोलीत जायला माझ्या टेबलापासून फक्त व्हरांडा ओलांडावा लागतो. तो मी अजून ओलांडलेला नाही. त्याऐवजी तुमच्यासाठी हे लिहिलं, कारण तुम्ही मला कामावरून काढू शकत नाही.

हे वाचून तुमच्यापैकी कुणाला वाटेल, चुकला, पण माणूस मनाने चांगला दिसतो.

कुठून कळलं?