मधली रेघ

कैवल्य हल्ली चिडत नव्हता, याचाच शैलजाला घोर लागला होता. नाकावर राग घेऊन वाढलेला तिचा मुलगा कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यात स्टेडियमचं पोलाद तपासता तपासता मुका झाला होता. सुट्टीवर देशाबाहेर जायलाही मॅनेजरची परवानगी लागे. मॅनेजर म्हणजे महाराष्ट्र मंडळातला संजीव. शैलजानेच त्याला गळ घालून कैवल्यला ही नोकरी मिळवून दिली होती. कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपला अजून साडेचार वर्षं होती. करार संपत आला होता आणि येत्या रविवारी नव्या करारावर सही केली, की आणखी तीन वर्षं सुटका नव्हती.

शुक्रवारी तो अल खोरला घरी आला. बोलला ते फक्त विंग चुन या चिनी युद्धकलेबद्दल. कामगारांच्या कॅम्पमधला एक चिनी सर्व्हेअर त्याला ही विद्या शिकवत होता, दोन बंक बेडच्या मधल्या अरुंद जागेत. कुणा गुंडाने एका मुलीमागे लग्नाचा लकडा लावला, तेव्हा एका भिक्षुणीने तिला हे शिकवलं आणि मुलीने त्याला लोळवलं, अशी कथा. विद्येला नाव त्या मुलीचंच. खरंखोटं शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

ओटा आणि फ्रिजच्या मधे उभं राहून त्याने आपलं मनगट तिच्या मनगटाला टेकवलं. म्हणाला, "ढकल."

तिने सगळा जोर लावला. त्याने उलट रेटलं नाही, हात नुसता वळवला. तिचा जोर बाजूला घसरला आणि त्याचा तळवा तिच्या छातीसमोर येऊन थांबला.

"जोराला जोर लावायचा नाही. हात चिकटवून ठेवायचा, म्हणजे समोरच्याचा कल कळतो. वाट मिळाली की दोघांच्या मधल्या रेघेवरून सरळ आत. तू लांबून वळसा घालतेस, आई."

"मग ऑफिसात का नाही करत हे?"

त्याने हात खाली घेतला. "तिथे समोर संजीवकाका आहेत. तू हात जोडलेस त्यांच्यापुढे. मी उगारू कसा?"

संध्याकाळच्या बसने तो गेला. नवऱ्याचं म्हणणं, पुढच्या शुक्रवारी संजीवला सहकुटुंब जेवायला बोलावू, जेवताना हळूच विषय काढू. शैलजा सवयीने पुरणासाठी डाळ किती भिजवायची ते ठरवूही लागली. मग डब्याचं झाकण तिने परत लावलं. पुढचा शुक्रवार रविवारनंतर येत होता. शिवाय उपकार तिने मागितला होता, तो परत करायचा तर तिनेच करायला हवा होता.

नवऱ्याला न विचारता तिने संजीवला फोन लावला आणि सरळ म्हणाली, "कैवल्य रविवारी सही करणार नाही."