मी पसंत केलेले टायर

माझ्या लिहिण्यात चुका पुष्कळ निघतील, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तीही गावच्या शाळेत, घरच्या कामातून सुटका झाली त्या दिवशी. लग्न होऊन रायपूरला आले तर इथे पाट्या हिंदी, बिलं हिंदी, शेजारणी हिंदी. वेलांटी कुठे ऱ्हस्व अन् कुठे दीर्घ, हे जे थोडं ध्यानात होतं तेही पुसून गेलं. अक्षर तर पहिल्यापासूनच वाईट, ओळ खाली खाली जाते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कोणाच्या हाती लागलंच, तर अक्षरावरून रागावू नये.

आमची एक जुनी पांढरी गाडी आहे. हे रेल्वेत मालाच्या ऑफिसात होते. रायपूर राजधानी झालं तेव्हा यांच्या साहेबांनी मोठी गाडी घेतली आणि लहान गाडी यांना स्वस्तात दिली. त्या दिवसांत सगळ्यांच्याच गाड्या मोठ्या होत होत्या. गुढियारीच्या आमच्या गल्लीत, जिथे हमालांच्या सायकली उभ्या राहत, तिथे लाल दिव्याच्या गाड्या वाट चुकून शिरायच्या. आमची गाडी त्यातही आपल्या जागी उभी असायची. हे तिला रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत.

त्या गाडीचं आमच्या घरात एक काम होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मुखवटे एकच आहेत आणि भाऊ दोन. म्हणून पाळी आहे, एक वर्ष भंडाऱ्याकडे मोठ्या जाऊबाईंच्या घरी, एक वर्ष आमच्याकडे. मुखवटे परक्याच्या हातून जात नाहीत. घरच्या सुनेनं मांडीवर घ्यायचे आणि घरच्या पुरुषानं आणायचे, असा सासूबाईंचा नेम. आधी आम्ही ते रेल्वेनं आणायचो, गर्दीत माझा जीव अर्धा व्हायचा. गाडी आली तेव्हापासून हे स्वतः चालवत आणायचे. त्या दिवशी उपास करायचे, वाटेत चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आमची पाळी नसे त्या वर्षी मुखवटे पोचवायलाही हेच जायचे.

मोठ्या दिरांना पाळी आवडत नव्हती. ते म्हणायचे, थोरल्या घरचं दैवत थोरल्या घरीच बरं. सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या म्हणून चालून राहिलं होतं. एकदा पाळी मोडली की कायमची मोडणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या वर्षी पाळी आमची होती. होळी झाली आणि हे न्हाणीत पाय घसरून पडले, उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं. तेवढ्यात टायरचा विषय निघाला. टायर अगदी गुळगुळीत झाले होते. मागच्या वेळी भंडाऱ्याच्या वाटेवर देवरीच्या जंगलात गाडी ओल्या रस्त्यावर जराशी सरकली होती. हे म्हणाले, "हात बांधून पडलोच आहो, तं गाडीचं काम करून घेऊ." पैसे मोजून माझ्याजवळ दिले आणि भाच्याला बोलावलं.

भाचा म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा. नणंदेला मी बाई म्हणते. त्या बीरगांवला राहतात, भाचा तिथूनच जवळ, उरला नावाच्या भागातल्या कारखान्यात आहे. मराठी सगळी समजते त्याला, पण उत्तर हिंदीत देतो. यांनी त्याला दोनदा सांगितलं, "जो नंबर आहे तोच लावजो. दुसरा नाई." आणि मला म्हणाले, "तू सोबत जाय. हा पोट्टा दुकानात गेला की भलतंच घेतो."

म्हणजे मला पाठवलं होतं ते याच्यासाठीच.

मी दुकानात बोलत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा भाव करत नाही, तो देईल ते घेते. टायरच्या दुकानात तर मी पहिल्यांदाच गेले. रबराचा वास, टायरांच्या उतरंडी, सगळे पुरुष. मी एका स्टुलावर पदर घेऊन बसले. दुकानदार वयस्कर होता. त्यानं दोन टायर आणले आणि माझ्यासमोर उभे केले. भाच्यासमोर नाही.

"दीदी, ये आपका पुराना नंबर. और ये उससे चौड़ा. ये रोड पकड़ के चलता है. आप बताओ."

भाचा वाकून म्हणाला, "मामी, चौड़ा वाला लो. गाड़ी की शकल बदल जाएगी."

मी दोन्हींकडे बघितलं. जुन्या नंबरचा टायर आमच्या गाडीवर होता तसाच होता, बारीक. दुसरा रुंद होता. त्याच्यावर खोल तिरप्या नक्ष्या होत्या आणि कडेला पांढरी अक्षरं होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मराठी मंडळातली एक जण आमच्या लहान गाडीवरून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमची डबी आणली का आज?" मी तेव्हा हसले होते. त्या रुंद टायरकडे बघताना मला ते आठवलं.

दुकानदारानं खरं तेही सांगितलं. "बस, खड़ी गाड़ी में स्टेरिंग थोड़ा भारी लगेगा. चलती में कुछ नहीं."

मी मान हलवली. यांच्या हातात ताकद आहे, एवढाच विचार मी केला. घरी येताना मी मनाशी म्हणत आले की पावसातल्या रस्त्यासाठी घेतले, महालक्ष्म्यांसाठी घेतले. तेही काही खोटं नव्हतं. पण खरं कारण इतकंच की ते मला आवडले, आणि कोणी मला विचारलं होतं. आमच्या घरात पडद्याचा कपडासुद्धा मला विचारून आला नव्हता.

पैसे कमी पडले. भाच्यानं आपल्या आईला फोन लावून माझ्या कानाशी धरला. बाईंनी स्वयंपाकघराच्या छपराला नवीन पत्रे टाकायला पैसे जोडले होते.

"घे," त्या म्हणाल्या, "पन पावसाच्या आधी वापस कर वं. आन् माह्या भावाले सांगू नको, तो मलेच बोलंल."

टायर लागले. दुकानातून गाडी काढताना भाच्यानं दोन्ही हातांनी चाक ओढलं आणि म्हणाला, "भारी तो हुआ है, मामी. चल जाएगा."

यांना मी सांगितलं की जुना नंबर दुकानात नव्हता. हे दारातून बघत राहिले. मग जवळ जाऊन डाव्या हातानं टायर चाचपला. "चांगले दिसते," म्हणाले. "जास्त पैसे लागले असन." मी म्हटलं, भाच्याच्या ओळखीत झालं. एका दिवसात दोनदा खोटं. त्याआधी यांच्याशी मी खोटं बोलले असेन, पण मला आठवत नाही.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलं, चालवा गाडी. यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गाडी गल्लीतून काढायला बसले. आमची गल्ली अरुंद आहे, गाडी मागे-पुढे करून वळवावी लागते. यांनी चाक फिरवलं, ते अर्ध्यावर अडलं. पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. समोरचा पानवाला बघत होता, तो म्हणाला, "काय काका, गाडी नाई म्हनते का?" हे हसले नाहीत. गाडी होती तिथेच ठेवून खाली उतरले आणि मनगट धरून घरात आले.

"डॉक्टर काई म्हनो," हे म्हणाले, "हातात दम नाई राह्यला."

तेव्हाच सांगायचं होतं. एका वाक्यात होत होतं. पण त्या एका वाक्याच्या मागे दुकान होतं, बाईंचे पैसे होते, आणि ती डबीची गोष्ट होती. मी वाटीत तीळतेल घेतलं, कोमट केलं आणि यांचा हात मांडीवर घेऊन चोळायला बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तो हात चोळला. हे डोळे मिटून बसायचे आणि मधूनच बोटं उघडझाप करून बघायचे. "आज जरा बरं वाटून राह्यलं," म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचे, चाक ओढायचे आणि उतरून यायचे. हाताला काहीच झालं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी तेल लावत होते. यांनी रबराचा चेंडू आणला आणि पेपर वाचतानाही तो दाबत बसायचे. कोणी तरी सांगितलं म्हणून मेथ्या खाल्ल्या. पुढे पुढे गाडी पुसायचंही सोडलं. भाच्याला म्हणाले, "कोनी घेनारा असन तं पाह्य." भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत निघून गेले.

पाऊस लागला. बाईंचे पैसे दिले गेले नव्हते. मी सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानातून साड्या आणून फॉल लावते, पिको करते, त्यातून काय जमणार. बाईंकडे गेले तर चुलीशेजारी पातेलं ठेवलेलं होतं आणि त्यात थेंब पडत होते. त्यांनी मला पैशांचं विचारलं नाही. मी पोहे खाऊन आले.

श्रावण संपत आला तेव्हा एका दुपारी यांनी भंडाऱ्याला फोन लावला. मी शिलाईला बसले होते, यांची पाठ माझ्याकडे होती.

"दादा," हे म्हणाले, "यंदा महालक्ष्म्या तिकडंच बसवा. नाई, तब्येत बरी आहे. गाडी होत नाई आता माह्यानं. भाचा आहे, पन तो आपल्या कुळातला नोहे न." मग बराच वेळ ऐकत राहिले. "हो," म्हणाले, "पुढच्या वर्षीचंही तसंच समजा मंग."

फोन ठेवून हे तिथेच उभे राहिले. मग आत जाऊन देवघराशेजारची ती जागा बघून आले, जिथे आम्ही उभ्या महालक्ष्म्या बसवतो.

संध्याकाळी तेलाची वाटी घेतली, पण माझा हात पुढे होईना.

"काहून वं?" हे म्हणाले.

"हाताले काईच झालं नाई तुमच्या," मी म्हटलं. "चाकं भारी आहेत. रुंद टायरानं स्टेरिंग भारी होते. दुकानदारानं सांगतलं होतं मले."

"दुकानात जुना नंबर नव्हता म्हने न?"

"होता. मीच रुंद घेतले."

"काहून?"

"आवडले मले."

मी बाईंच्या पैशांचंही सांगून टाकलं. मग यांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुले?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् तू तेल लावत राह्यली."

ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. यांनी वाटी उचलली, आत ओट्यावर नेऊन ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी भाचा गाडी घेऊन दुकानात गेला. हे शेजारी बसले, मी मागे. दुकानदारानं रुंद टायर उतरवले आणि थोडे वापरलेले म्हणून जेवढे द्यायचे तेवढे दिले. जुन्या नंबरचे चढवले. हे चालवायच्या जागी बसले आणि उभ्या गाडीत चाक फिरवलं. एका हातानं फिरलं. उजव्याच हातानं. यांनी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"देखा," दुकानदार म्हणाला, "पुरानी गाड़ी को अपना नाप ही जमता है."

माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

घरी येऊन यांनी भंडाऱ्याला फोन केला. मोठ्या दिरांनी बरंच सुनावलं. "खेळ आहे का, सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरं?" असं मला इकडे ऐकू येत होतं. हे म्हणाले, "चूक माझी आहे, दादा. पन पाळी आईची आहे. मी येतो घ्याले." चूक माझी आहे, असं म्हणाले. बायकोची म्हणाले नाहीत. तो शब्द मला अजून टोचतो.

महालक्ष्म्या आल्या. हे चालवत होते, मी मुखवटे मांडीवर घेऊन मागे बसले होते, आणि देवरीच्या जंगलात नेहमीसारखाच पाऊस होता. जुन्या नंबरच्या नवीन टायरांना काहीही झालं नाही. घरी सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, मंडळातल्या बायका कुंकवाला आल्या. ती डबीवालीही आली. तिनं गाडीकडे बघितलंही नाही, तिला काही आठवतही नसेल.

थंडीत यांचं मनगट खरोखरच दुखायला लागलं, जुनं हाड आहे. मी वाटी घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव तिथं, मी लावतो." स्वतःच डाव्या हातानं लावत बसले. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाले. मी दारात थोडी उभी राहिले आणि परत शिलाईवर बसले.

बाईंचे पैसे फेडायचे होते. रुंद टायरांचे जे आले ते नवीन टायरांतच गेले. हे म्हणाले, "मी देतो, बहीन माझी आहे." मी नाही म्हटलं. यांच्या कोणत्याही गोष्टीला नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. लग्नसराईत साड्या खूप येतात. मी पहाटेचं पाणी भरून झालं की बसायची. थोडे जमले की बीरगांवला पोचवायची. बाई म्हणायच्या, "अवं, मी कुठं पळून चालली?" पण घ्यायच्या, कारण त्यांनाही लागत होते.

शेवटचे पैसे द्यायला गेले तेव्हा यांनीच गाडीनं नेलं. हे आत आले नाहीत, बाहेर सावलीत गाडी लावून बसले. मी बाईंच्या हातात नोटा ठेवल्या. बाई अंगठा ओला करून मोजायला बसल्या, मधे एक नोट उजेडात धरून बघितली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग कनवटीला खोचल्या.

"झाले," त्या म्हणाल्या. "सगळे झाले. काईच बाकी नाई आता."