पहिल्या तोड्याचे अकरा जण

किशोर श्रावण उमाटे (१९७६–२०२५), राहणार कारंजा (घाडगे), यांचे बसस्थानकासमोर मोबाइल-दुरुस्तीचे आणि व्हिडिओ गेमच्या डिस्क विकण्याचे दुकान होते. तत्पूर्वी वीस वर्षे त्यांनी आई कुसुमबाईंसोबत आठवडी बाजारात भाजी विकली. व्यवसाय बदलला, भाजीवाल्याची समजूत मात्र बदलली नाही, आणि पुढचे सारे तिच्यातूनच घडले.

ती समजूत अशी : पहिल्या तोड्याची, म्हणजे पहिल्या खुडणीची, भेंडी कोवळी, म्हणून महाग, संध्याकाळी उरलेली सुकलेली, म्हणून स्वस्त. लवकर येणाऱ्याने जास्त मोजावे आणि उत्तम माल न्यावा, यात कोणावर अन्याय नाही. २०२३ च्या दिवाळीत गडाच्या राखणीचा एक गाजावाजा झालेला खेळ बाजारात आला, तेव्हा किशोरभाऊंनी गिऱ्हाइकांना मनापासून सांगितले, "पहिल्याच दिवशी घ्या. पहिला तोडा हाय." अकरा जणांनी पाच-पाच हजार रुपये मोजून डिस्क नेल्या.

खेळ सदोष निघाला. गडाच्या तिसऱ्या दरवाजाशी पोचले की पडदा गोठे, आणि तोवरचे खेळणे पुसले जाई. सील फोडलेली डिस्क वितरक परत घेईना. सहा आठवड्यांनी कंपनीने इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवली, आणि त्याच आठवड्यात किंमत निम्मी केली.

त्या अकरांपैकी एक, तळेगावच्या शाळेतील शिक्षिका अंकिता बोबडे, दुकानात आल्या तेव्हा महामार्गावरील ढाब्याचा मालक नीरज तीच डिस्क घेत होता.

"भाऊ, ह्याले अडीच हजारात?" त्यांनी विचारले.

"कंपनीनंच भाव उतरवला, मॅडम. तुमची बी दुरुस्त झाली ना आता?"

"झाली. पन सहा आठवडे आमी अकरा जन त्याईच्या चुका शोधत बसलो. मजुरी तं राह्यली बाजूले, वरतून पैसे डबल."

नीरज हसला. "मॅडम, तुमी अंगण झाडलं, आमी पंगतीले बसलो."

"बस बाबा, पोटभर जेव." मग त्या किशोरभाऊंकडे वळल्या. "तुमी घ्या म्हनलं म्हनून घेतली, भाऊ. त्या कंपनीले मी कुठं ओळखते?"

घरी त्यांनी ही हकिकत आईला सांगितली. कुसुमबाई मेथी निवडत होत्या.

"तू भेंडी समजून इकलं," त्या म्हणाल्या. "थे वांगं होतं. वरून चकचकीत, आत कीड. म्या कापून दाखवल्याबिगर वांगं कधी इकलं काय?"

हे खरे होते. प्रत्येक टोपलीतले एक वांगे त्या गिऱ्हाइकासमोर चिरत. तरीही कोणाचे किडके निघाले, तर पुढच्या बाजारी त्याला आधी निवडू देत.

किशोरभाऊंनी कंपनीला तीन पत्रे लिहिली. तिन्ही वेळा उत्तर म्हणून त्याच पाच ओळी आल्या. त्यांत संयमाबद्दल आभार होते. तेव्हा त्यांनी स्वतःपुरते ठरवले : आपण शेवटपर्यंत खेळून पाहिल्याखेरीज नवी डिस्क विकायची नाही, आणि त्या अकरांना पाळीपाळीने नव्या खेळाची अशी तपासलेली एकेक डिस्क निम्म्या किमतीत द्यायची, उरलेला भार दुकानाचा.

मग सव्वा वर्ष दुपारच्या दुपार ते चष्मा सावरत खेळत बसले. खेळांची आवड त्यांना कधीच नव्हती. अंगठे दुखत, डोळे चुरचुरत. कुठे काय अडते, ते तारीखवार वहीत उतरत असे.

"पन्नाशी आली, अन् भुतं मारून राह्यले," पत्नी जयाबाई चहा ठेवत म्हणत. "थकले नाई काय?"

"थकलो ना. पन अर्धंच कापून आत कीड नाई, असं कसं सांगू?"

अंकिताबाईंची पाळी चौथी होती. "आधी बाकीच्याइले द्या," असे म्हणून त्यांनीच ती शेवटी ढकलली.

एप्रिल २०२५ मध्ये हृदयविकाराने किशोरभाऊ गेले. तोवर नऊ जणांची भरपाई झाली होती. दहावे गिऱ्हाईक नोकरीसाठी पुण्यास गेले आणि त्याचा फोन लागेनासा झाला; त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली डिस्क जयाबाईंच्या कपाटात आहे. अकरावी डिस्क खेळाच्या यंत्रातच राहिली होती. वहीत तिच्यासमोर लिहिले होते : 'चौथ्या टप्प्यापर्यंत ठीक. पुढचे पाहणे बाकी.'

जयाबाईंनी ती डिस्क वहीसह अंकिताबाईंना दिली आणि पैसे घेण्याचे नाकारले. माल पुरता तपासलेला नव्हता. पुढचे टप्पे आपण पाहू आणि वहीत उतरवू, असे अंकिताबाईंनी कबूल केले. कंपनीकडून कोणालाही काही आलेले नाही.