तळ्याकाठच्या बंगल्याचा उंबरठा

अमेरिकेत नोव्हाय गावातल्या आमच्या अपार्टमेंटवर सासूबाईंचा एकच राग होता: दाराला उंबरठा नव्हता. "हे काय घर म्हणायचं? कार्पेट आपलं सरळ बाहेर चाललंय!" उंबरठ्याला वाहायला पुण्याहून आणलेली हळदकुंकवाची डबी त्यांच्या पर्समध्ये तशीच पडून होती. मी पोटुशी होते आणि त्यांचं परतीचं तिकीट मात्र बाळंतपणाच्या आधीचं होतं. त्यांनी राहावं असं मला फार फार वाटायचं. पण त्या म्हणायच्या, "इथे माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?" आणि मी फणकाऱ्याने म्हणायचे, "तुमची इच्छा." दोघी एकीपेक्षा एक शहाण्या! नवरा बिचारा मध्ये बसून टीव्ही बघायचा.

जाण्याआधी आईला काहीतरी दाखवावं म्हणून एका रविवारी तो आम्हाला उत्तरेकडे घेऊन गेला, तळ्याकाठचा जुना बंगला बघायला. लाकडाच्या धंद्यात बक्कळ पैसा केलेल्या एका नॉर्वेजियन माणसाने तो उन्हाळ्यापुरता राहायला बांधला होता. काळपट लाकूड, आढ्याच्या टोकांना जबडे वासलेले ड्रॅगन आणि छपरावर हिरवंगार गवत.

"एवढा श्रीमंत, आणि गवत काढायला माणूस मिळेना?" सासूबाई म्हणाल्या. नॉर्वेत छपरावर गवत मुद्दाम लावतात, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, घेऊ दे बाईंना तेवढा आनंद.

मुख्य दाराशी मात्र त्या थबकल्या. "अगं बाई! उंबरठा!" वीतभर उंच, चांगला जाडजूड. बंगला दाखवणाऱ्या वयस्कर बाई पाठमोऱ्या होऊन माहिती सांगत होत्या, तेवढ्यात आमच्या बाईंनी फतकल मारून डबी उघडली, बोटांनी हळदकुंकू लावलं आणि नमस्कारही करून टाकला. गाइडबाई वळल्या आणि किंचाळल्याच.

"आमच्याकडे लाकूड टिकावं म्हणून लावतात," नवरा इंग्रजीत ठोकून मोकळा. मला हसू आवरेना. गाइडबाई रुमालाने पुसायला गेल्या, तर हळद आणखीच पसरली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि त्या उंबरठ्याचीच गोष्ट सांगितली. मालकाची आई नॉर्वेतल्या खेड्यात राहायची. तिने इकडे यावं म्हणून त्याने तिच्या घरासारखा उंबरठा आधी करून घेतला, मग भोवती बंगला बांधला.

"मग? आली का म्हातारी?" सासूबाईंनी मला विचारायला लावलं.

नाही. दर उन्हाळ्यात वरच्या खोलीत तिचा पलंग घालून ठेवायचे. ती कधीच आली नाही.

"यायची कशी?" सासूबाई कडाडल्या. "उंबरठा केला, ड्रॅगन केले. 'ये गं आई' असं तोंडाने कुणी म्हटलं का तिला?"

मी गाइडबाईंना याचं इंग्रजी करून सांगणार, तोच लक्षात आलं की सासूबाई माझ्याकडे बघताहेत. माझे डोळे भरून आले. "आई, राहा ना हो. मला फार भीती वाटतेय."

"आत्ता बोललीस! इतके दिवस काय तोंडात गुळणी धरून बसली होतीस?" त्यांचाही आवाज ओला झाला होता. मग मुलाला म्हणाल्या, "बघतोस काय? तिकीट कॅन्सल कर."

गाइडबाईंनी विचारलं, काय म्हणताहेत? नवरा म्हणाला, त्यांना घर आवडलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई पुन्हा आल्या, तेव्हा लेकीला त्यांच्या कडेवर देऊन आम्ही परत तिथे गेलो. गाइड नवी होती, कॉलेजातली पोरगी. उंबरठ्यावरचे केशरी डाग दाखवत ती मोठ्या कौतुकाने सांगत होती, "मालकाची आई नॉर्वेहून आली ना, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने हे लावलं. तिकडची फार जुनी पद्धत आहे." लोक वाकून वाकून फोटो काढत होते.

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं आणि त्या पोरीची चूक सुधारायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला करकचून चिमटा काढला.

"गप्प बस गं. आली म्हणतेय ना ती, मग आली म्हातारी."