मेसमधली शांतता

मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला, म्हणून रेवाला वर्षभर रिपीटर बॅचला घालायचं ठरलं. आम्ही मायलेकी दोन क्लास बघायला लातूरला आलो. शिकवणारे, निकाल, हॉस्टेल, दोन्हीकडचं सारखंच वाटलं. मग मी म्हटलं, जेवण तरी बघू.

पहिल्या मेसमध्ये शंभरेक मुलं जेवत होती. डावा हात पुस्तकावर, उजवा वरणभातात. एका मुलीचं ताट संपलं, तरी बोटं रिकामीच तोंडाकडे जात होती. मावशींनी भात वाढला, तेही तिला कळलं नाही.

"बघा, एक शब्द नाही," व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले.

घरात अशी शांतता असली की कुणीतरी झोपलेलं असतं. इथे तर सगळे जागे होते. आणि आमची रेवा तोंडात घास असतानाच जगभरच्या गोष्टी सांगते. "आधी गीळ, मग बोल," म्हणून मी रोज ओरडते तिच्यावर.

दुसऱ्या क्लासची मेस याहून शांत निघाली. दारातच मी विचारलं, "काय गं, कुठला बरा वाटतो?"

रेवाने जेवणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आई, हळू बोल ना."